सुराखालची बैठक

वाशिमच्या बाजारात जा, नाहीतर रिसोड, मालेगाव, मंगरुळपीर, कारंजा, मानोरा यांपैकी कोणत्याही तालुक्याच्या गावी जा. शिंप्याच्या दुकानात एक गोष्ट सारखीच दिसते. गिऱ्हाइकाला बसायला हात असलेली खुर्ची असते आणि सकाळपासून दिवे लागेपर्यंत काम करणाऱ्या शिंप्याला मात्र लाकडी स्टूल. त्याला पाठ नाही, हात नाहीत, गादी नाही. फार तर चिंध्या भरलेली एक चपटी उशी. उलट लग्नाच्या मांडवात बिछायत केंद्रातून आलेल्या खुर्चीवर किंवा घरच्या फोमच्या सोफ्यावर तासभर बसून उठणारा माणूस कंबरेला हात लावूनच उठतो. अधिक मऊ, अधिक टेकायची सोय असलेली बैठक जर अधिक सुखाची असेल, तर हे उलटं का घडतं? शिंप्याला चांगली खुर्ची परवडत नाही असं म्हणून हा प्रश्न सुटत नाही. चांगली कमाई असलेला शिंपीही मशीनवर बसताना स्टूलच पसंत करतो. त्याच्या दोन्ही हातांना, दोन्ही पायांना आणि डोळ्यांना एकाच वेळी काम असतं. अशा कामाला लागणारी बैठक ही आराम करण्याच्या बैठकीपेक्षा निराळी वस्तू आहे.

हा फरक सर्वांत स्पष्टपणे दिसतो तो स्टील गिटार या वाद्यात. कारण इथे चुकीच्या बैठकीचा परिणाम कमरेपुरता राहत नाही, तो सुरात उतरतो. स्टील गिटारवादकाची बैठक हा फर्निचरचा भाग समजू नये. घोडी आणि तारा जशा वाद्याचा भाग, तशीच तीही वाद्याचा भाग आहे. असं का म्हणायचं, ते आता पायरीपायरीने पाहू.

आडवी झालेली गिटार

नेहमीची गिटार छातीशी उभी धरतात आणि तारा बोटांनी पडद्यांवर दाबतात. स्टील गिटार मांडीवर किंवा चार पायांच्या चौकटीवर पाटासारखी आडवी ठेवतात. डाव्या हातात पोलादाची गुळगुळीत कांडी असते, वादक तिला बार म्हणतात. ही कांडी तारांवर नुसती टेकवून सरकवायची, आणि उजव्या हाताच्या बोटांत नख्या घालून तार छेडायची. तार पडद्यावर दाबली जात नाही, म्हणून ती मुद्दामच वर, पडद्यांच्या पट्टीपासून साधारण एक सेंटिमीटर उंच ठेवलेली असते. सूर एका पडद्यावरून दुसऱ्यावर उडी मारत नाही, तो वाहत जातो. आपल्याकडच्या मींडेला इतकं सोयीचं पाश्चात्त्य तंतुवाद्य दुसरं नसेल.

ही पद्धत हवाई बेटांवर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रुजली आणि तिचं श्रेय बहुतेक वेळा जोसेफ केकुकू या तरुणाला दिलं जातं. भारतात हे वाद्य ‘हवाईयन गिटार’ म्हणूनच ओळखलं गेलं. टाऊ मो हे हवाईयन वादक १९४०च्या दशकात कोलकात्यात राहत होते आणि त्या शहरात या वाद्याची मोठी परंपरा उभी राहिली. वऱ्हाडातल्या कानांना ते ओळखीचं झालं ते मुख्यतः रेडिओमुळे. दोन कार्यक्रमांच्या मधल्या रिकाम्या मिनिटांत वाजणाऱ्या फिल्मी धुनांमधला तो लांब, पाझरणारा आवाज या गिटारचा. व्हॅन शिप्ले आणि सुनील गांगुली यांच्या तबकड्यांनी तो घरोघरी नेला. रागसंगीतात तिला जागा मिळवून दिली ब्रिजभूषण काब्रा यांनी. शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया यांच्याबरोबरचा त्यांचा १९६७चा ‘कॉल ऑफ द व्हॅली’ हा ध्वनिमुद्रित संच आजही ऐकला जातो. त्यात तबल्यावर माणिकराव पोपटकर आहेत. पुढे विश्वमोहन भट्ट यांनी याच घराण्यातल्या आपल्या मोहनवीणेवर वाजवलेल्या संगीताला १९९४ साली ग्रॅमी पुरस्कार मिळाला. काब्रा आणि भट्ट या दोघांनीही हवाईतली खुर्ची सोडली आणि भारतीय वादकासारखी जमिनीवर मांडी घातली. बैठकीच्या दृष्टीने हा मोठा बदल होता. त्याकडे पुढे परत यावं लागेल.

डोळा सरकला की सूर सरकतो

भिंतीवरच्या घड्याळाकडे समोरून पाहिलं तर बारा वाजलेले दिसतात आणि बाजूच्या खाटेवरून पाहिलं तर बाराला एक मिनिट कमी. काटा आणि तबकडी यांच्यात थोडी जागा असते, म्हणून तिरकं पाहणाऱ्याला काटा भलत्याच रेघेवर दिसतो. पट्टीने कापड मोजतानाही पट्टी कापडापासून उचललेली असेल तर हीच चूक होते. स्टील गिटारमध्ये नेमकी हीच परिस्थिती आहे. पडद्यांच्या रेघा खाली पट्टीवर आहेत आणि बार त्यांच्या एक सेंटिमीटर वर तारांवर आहे. पडदे इथे तारेला अडवत नाहीत, ते फक्त खुणा आहेत. वादकाचा डोळा बारच्या बरोबर वर असेल तर खूण खरं सांगते. डोळा एका बाजूला असेल तर खोटं.

हे खोटं किती मोठं असतं याचा हिशेब अवघड नाही. वादकाचे डोळे तारांच्या ५० सेंटिमीटर वर आहेत आणि बारपासून १८ सेंटिमीटर बाजूला आहेत असं धरू. मग प्रत्येक सेंटिमीटर उंचीमागे नजर ३.६ मिलिमीटर सरकते. तारेची कंप पावणारी लांबी ६५ सेंटिमीटर असेल तर बाराव्या पडद्यावर, म्हणजे तारेच्या अर्ध्या लांबीवर, बार एक मिलिमीटर सरकला की सूर पाच सेंटहून थोडा जास्त बदलतो. सेंट म्हणजे सा आणि कोमल रे यांच्यातल्या अंतराचा शंभरावा भाग. म्हणजे ३.६ मिलिमीटरला जवळजवळ १९ सेंट झाले. आपल्या संगीतात शुद्ध स्वराची दोन जवळची रूपं ज्या अंतराने वेगळी मानली जातात ते अंतर सुमारे २२ सेंटचं आहे. निव्वळ बसायची जागा बाजूला असल्यामुळे जवळजवळ एका श्रुतीची चूक! बारची जाडी यात धरलेलीच नाही. दिशाही सांगता येते. उजव्या हाताने छेडणाऱ्या वादकाला मानेकडचे खालचे पडदे डावीकडे असतात. तिथे नजरेवर विसंबून लावलेला सूर चढा लागतो, आणि घोडीकडच्या वरच्या पडद्यांवर उतरा. नवशिक्याचा सूर ‘खाली चढतो, वर उतरतो’ असं दिसलं तर त्याच्या कानाला दोष देण्यापूर्वी त्याचं स्टूल कुठे ठेवलंय ते पाहावं.

यावर गवयाचा पहिला आक्षेप असा येईल की सूर डोळ्याने लावायचा नसतोच, तो कानाने लावायचा. आक्षेप खरा आहे, पण पुरता नाही. कान चूक पकडतो ती सूर उमटल्यानंतर. विलंबित आलापात तेवढा वेळ असतो. बार किंचित सरकवून सूर जागेवर आणता येतो, आणि ऐकणाऱ्याला ती मींडच वाटते. दुगुनीच्या तानेत तो वेळ नसतो, तिथे हात आधीच जागेवर पडावा लागतो. हाताला ती जागा कशी कळते? शेकडो वेळा त्याच ठिकाणी पडून. म्हणजे हाताची आठवण ही धडाच्या एका ठरावीक ठेवणीशी बांधलेली असते. आज स्टूल, उद्या पलंगाची कड, परवा प्लास्टिकची खुर्ची, असा रियाज झाला तर हात रोज वेगळा नकाशा शिकतो. एकाच बैठकीवरसुद्धा तासाभराने पाठ खचली आणि डोळे ५० ऐवजी ४० सेंटिमीटरवर आले, तर वरच्या हिशेबात १९ सेंटचे २४ होतात. हा बदल लहान आहे, पण तंबोऱ्यासमोर लहान बदलच उघडे पडतात. म्हणून बैठक निवडताना पहिला प्रश्न ‘किती मऊ?’ असा विचारू नये. ‘दीड तासानंतरही माझं डोकं जिथे होतं तिथेच ही बैठक ठेवेल का?’ असा विचारावा.

कमरेचं बिजागर

आता पाठ का खचते ते पाहू. कमरेखालचा हाडांचा कटोरा, ज्याला वैद्यकात श्रोणी म्हणतात, तो मांड्यांच्या हाडांवर बिजागरासारखा पुढे-मागे कलतो. मणक्यांचा खांब या कटोऱ्यात रोवलेला आहे. उभं असताना कमरेशी आतल्या बाजूला एक बाक असतो. भिंतीला टेकून उभं राहिलं तर कमरेमागे हात जातो तो या बाकामुळे. खाली बसायला लागलो की मांडीमागचे आणि कुल्ल्याचे स्नायू ताणले जातात आणि कटोऱ्याला मागे ओढतात. कटोरा मागे कलंडला की त्यात रोवलेला खांबही मागे जातो, कमरेचा बाक सपाट होतो, आणि समोरचं पाहता यावं म्हणून छाती गोल होऊन मान पुढे येते. याला आपण पोक म्हणतो. पोक हा आळशी माणसाचा दुर्गुण समजून मुलांना ‘ताठ बस’ म्हणून दटावलं जातं, पण बहुतेक वेळा तो कमी उंचीच्या बैठकीचा भूमितीने ठरलेला परिणाम असतो. गुडघे कुल्ल्यांपेक्षा वर गेले की ताठ बसायला सतत जोर लावावा लागतो, आणि वादनात गुंतलेला माणूस तो जोर फार वेळ लावू शकत नाही.

अमेरिकेतले डॉ. जे. जे. कीगन यांनी १९५३ साली निरनिराळ्या अवस्थांतली क्ष-किरण चित्रं घेऊन हेच दाखवलं. धड आणि मांडी यांच्यात काटकोन झाला की कमरेचा बाक बराच सपाट होतो, आणि हा कोन सुमारे १३५ अंशांपर्यंत उघडा ठेवला तर बाक आपल्या सहज आकाराजवळ राहतो. पुढे डेन्मार्कचे शल्यचिकित्सक आ. सी. मांडल यांनी यावरूनच उंच आणि पुढे किंचित उतरत्या बैठकीचा आग्रह धरला. शिंप्याचं स्टूल पुन्हा आठवा. ते घरच्या खुर्चीपेक्षा थोडं उंच असतं, शिंपी त्याच्या पुढच्या कडेशी बसतो, आणि त्याच्या मांड्या पायट्याकडे उतरत्या होतात. त्याने कोणतंही संशोधन वाचलेलं नसतं. आठ तासांच्या कामाने त्याला त्या कोनावर आणून बसवलेलं असतं.

स्टील गिटारवादकासमोर मात्र इथे एक खरी अडचण उभी राहते. गिटार मांडीवर असेल तर मांड्या सपाट हव्यात. बैठक फार खाली असली तर गुडघे वर येऊन गिटार पोटाकडे घसरते. फार उंच असली तर गुडघ्यांकडे. कमरेला उतरती मांडी हवी आणि वाद्याला सपाट, हा तंटा पूर्णपणे मिटत नाही, पण मांडवली होते. बैठकीची मागची बाजू दोन बोटं उचलायची, म्हणजे मांडी जवळजवळ सपाट राहूनही कटोरा पुढे कलतो. आणि गिटारखाली रबरी जाळीचा किंवा मऊ चामड्याचा तुकडा टाकायचा, म्हणजे थोड्या उतारावरही ती सरकत नाही. पुढे विजेवर वाजणाऱ्या गिटारी दोन-तीन मानांच्या आणि मांडीला न पेलणाऱ्या झाल्या, तेव्हा त्यांना पायच बसवण्यात आले. कारण वजनाचं होतं, पण त्याने हा तंटाही सुटला. वाद्य आपल्या पायांवर उभं, वादक आपल्या उंचीवर.

खांद्याचा हिशेबही इथेच उरकतो. माणसाचा एक हात त्याच्या वजनाच्या सुमारे पाच टक्के असतो. साठ किलोच्या माणसाचा तीन किलो. स्टील गिटारमध्ये दोन्ही हात हवेत तरंगत काम करतात, टेकायला जागा जवळजवळ नाही. कोपर शरीराजवळ सैल लोंबतंय आणि हात कोपरापासून किंचित खाली उतरत तारांपर्यंत जातोय, अशी उंची असेल तर हे तीन किलो खांद्याच्या सांध्यातून नुसते लटकतात. बैठक तीन-चार बोटं खाली गेली की तेच तीन किलो मानेच्या बाजूचे स्नायू उचलून धरतात, प्रत्येक क्षणी. थकलेल्या खांद्याने बारचा कंप एकसारखा राहत नाही, हे ऐकणाऱ्यालाही कळतं.

काळी माती आणि मुरूम

वऱ्हाड हा कापसाचा मुलूख. इथे मऊ गादीचं कौतुक असणं स्वाभाविक आहे, आणि रात्रीच्या झोपेसाठी ते योग्यही आहे. पण बैठकीबाबत याच मुलखातलं दुसरं शहाणपण अधिक उपयोगी आहे. काळ्या भारी मातीवर थेट भिंत उभी केली तर माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि भिंत तडकते. म्हणून पाया खोदून खाली मुरूम भरतात. मणक्यांचा खांब ही आपली भिंत, आणि तिचा पाया म्हणजे बुडाखाली हाताला लागणारी दोन टोकदार हाडं. त्यांना बैठकीची हाडं म्हणू. कडक पाटावर बसलं की ती लगेच जाणवतात. शरीराचा भार या दोन हाडांवर पडावा अशीच आपली रचना आहे.

खोल फोमच्या सोफ्यात ही हाडं बुडतात. मग भार आजूबाजूच्या मांसावर, मांडीच्या मागच्या भागावर आणि माकडहाडाकडे वाटला जातो. पहिली दहा मिनिटं छान वाटतं, कारण दाब पसरलेला असतो. पण पाया डळमळीत झालेला असतो, आणि धड स्थिर ठेवायचं काम आता पाठीच्या स्नायूंवर येतं. बार सरकवताना हात डावीकडे-उजवीकडे गेला की प्रत्येक वेळी बैठक थोडी कलते, स्नायू ती सावरतात, पुन्हा कलते. दीड तासाच्या रियाजात हे किती वेळा घडत असेल! दुसऱ्या टोकाला उघडं लाकूडही फार वेळ चालत नाही. हाडाखालच्या चिमूटभर जागेवर सगळा दाब आला की तिथलं रक्त अडतं आणि माणूस चुळबुळ करू लागतो. मधला मार्ग म्हणजे लाकडावर घट्ट भरलेली, बसल्यावर दोन बोटांपेक्षा कमी दबणारी गादी. जुना, दाबून दाबून बसलेला कापूस या कामाला नव्या पिंजलेल्या कापसापेक्षा चांगला.

प्लास्टिकच्या खुर्चीबद्दल वेगळं सांगावं लागतं, कारण गावातल्या कार्यक्रमात वादकाला तीच मिळते. तिच्यात तीन दोष एकत्र आहेत. बैठक मागे उतरती असते, म्हणजे ती कटोरा मुद्दाम मागे कलंडवते. हात असतात, त्यांना कोपर आपटतात आणि वादक नकळत खांदे उचलून धरतो. आणि ती थोडी लवचीक असते. जेवणावळीसाठी तिची रचना ठीक आहे. वादकाने तिच्यावर बसायचंच झालं तर मागच्या खोलगट भागात घडी केलेली सतरंजी भरून ती सपाट करावी, आणि पुढे सरकून बसावं.

मग पाठ टेकायची नाहीच का? वाजवताना वादक किंचित पुढे असतो, म्हणून टेकणीला पाठ लागतच नाही. दोन चिजांच्या मध्ये, दुसरा वाजवत असताना, टेकणीचा उपयोग आहे, आणि वयस्क वादकाला तो असावाही. पण टेकणी आहे म्हणून खुर्ची चांगली असं समजणं चूक आहे.

सतरंजीवरची मांडी

काब्रा आणि भट्ट यांच्या मार्गाने जाणाऱ्याला खुर्चीचा प्रश्नच नाही, असं वाटू शकतं. वाशिम जिल्ह्यात हरिनाम सप्ताहात पेटीवाला, पखवाजी, टाळकरी रात्र रात्र सतरंजीवर बसतात. आपले पूर्वज जन्मभर जमिनीवर बसले, त्यांना स्टूल कुठे लागलं, हा आक्षेप वजनदार आहे. लहानपणापासून जमिनीवर जेवलेल्या, उकिडवं बसून निंदण-वेचणी केलेल्या माणसाचे खुब्याचे सांधे मोकळे असतात. मांडी घातली तरी त्याचे गुडघे जमिनीला टेकतात, कटोरा सरळ राहतो, आणि तीन टेकूंवर बसलेलं शरीर अतिशय स्थिर असतं. स्टील गिटारसाठी ही बैठक एका अर्थाने खुर्चीहून सरस आहे, कारण पसरलेल्या मांड्यांवर गिटारला रुंद आधार मिळतो आणि नजर वाद्याच्या अगदी वर येते.

पण ज्याचं शिक्षण बाकावर आणि नोकरी खुर्चीवर झाली, त्याने मांडी घातली की गुडघे हवेत राहतात, कुल्ल्यांपेक्षा वर. मग वर सांगितलेलं सगळं घडतं: कटोरा मागे, पोक पुढे, गिटार पोटाकडे घसरलेली. परंपरा मोडायची गरज नाही, बूड उचलायची आहे. घोंगडीची किंवा गोधडीची चार ते आठ बोटं जाडीची घट्ट घडी करून फक्त बुडाखाली घ्यायची, मांड्यांखाली नाही. गुडघे जमिनीकडे उतरले की उंची बरोबर झाली. अनुभवी पेटीवाले पंचाची किंवा सतरंजीच्या टोकाची गुंडाळी बुडाखाली सारतात, ती याचसाठी. हीच घडी रोज वापरावी, कारण वर पाहिल्याप्रमाणे बैठक बदलली की हाताचा नकाशा बदलतो. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी मात्र मांडी घालण्याचा हट्ट करू नये. रागसंगीत खुर्चीवरूनही तितकंच शुद्ध वाजतं.

पाय कामाला लागतात तेव्हा

स्टील गिटारचा एक प्रकार असा आहे की त्यात पायांनाही काम असतं. त्याला पेडल स्टील म्हणतात. चौकटीखालचे पायटे दाबले की ठरावीक तारा ताणल्या जातात आणि तार वाजत असतानाच तिचा सूर बदलतो. १९५४मध्ये अमेरिकेत बड आयझॅक्स यांनी एका गाण्यात हे ऐकवलं आणि वाद्याची दिशाच बदलली. डावा पाय या पायट्यांवर, उजवा आवाज कमी-जास्त करणाऱ्या पायट्यावर, आणि दोन्ही गुडघे बाजूला ढकलायच्या दांड्यांवर. शिलाई मशीनशी याचं साम्य थक्क करणारं आहे. कारखान्यातल्या मशीनला गुडघ्याने ढकलून दाबपट्टी उचलायचा दांडाही असतो.

दोन्ही पाय असे गुंतले की ते भार घेत नाहीत. खुर्चीवर बसलेला माणूस नकळत बराच भार तळपायांतून जमिनीला देतो. पेडल स्टील वाजवणाऱ्याचा जवळजवळ सगळा भार बैठकीच्या त्या दोन हाडांवर येतो. म्हणून इथे बैठकीची पुढची कड निर्णायक ठरते. ती धारदार असेल तर मांडीमागच्या रक्तवाहिन्या आणि शिरा दाबल्या जातात, पायाला मुंग्या येतात, आणि बधिर झालेल्या पायाला पायटा किती दाबला हे कळत नाही, म्हणजे इथेही गोष्ट सुरावरच येते. कड गोल तासलेली हवी, आणि बैठक पुढे निमुळती, म्हणजे गुडघे दांड्यांकडे मोकळे वळतात. उंचीही इथे आपल्या मर्जीची नसते. गुडघा आणि दांडा यांची गाठ पडेल तीच उंची घ्यावी लागते, आणि मग कोपराचं जमवायला गिटारचे पाय कमी-जास्त करावे लागतात. आधी स्टूल, मग वाद्य, असा क्रम.

चौकट: घरच्या घरी माप

मांडीवरच्या गिटारसाठी: वाजवताना जी चप्पल किंवा बूट घालणार तेच घालून, जमिनीपासून गुडघ्यामागच्या घडीपर्यंत उंची मोजा. बैठक दबल्यावर तेवढीच उरावी. पायांवर उभ्या असलेल्या गिटारसाठी यात दोन ते तीन बोटं वाढवा. बैठकीची कड आणि गुडघ्याची घडी यांत तीन बोटं जागा सुटली पाहिजे. कोपर सैल सोडून हात पुढे केला की तारा कोपराच्या किंचित खाली लागाव्यात. शरीराचा मध्य बाराव्या पडद्याच्या आसपास आणा, आणि स्टूलाची जागा जमिनीवर खडूने आखून ठेवा.

शास्त्राचं मत बदललं तर?

एक आक्षेप उरतो, आणि तो सर्वांत गंभीर आहे. ताठ बसणं खरंच हिताचं आहे का? १९६०च्या दशकात स्वीडनचे डॉ. आल्फ नाकेम्सन यांनी मणक्यांमधल्या चकत्यांमध्ये, ज्यांना आपण मणक्यातली गादी म्हणतो, सुई घालून दाब मोजला आणि उभ्यापेक्षा बसताना तो बराच जास्त असतो असं सांगितलं. कित्येक दशकं बसण्याविषयीचा सगळा उपदेश या आकड्यांवर उभा होता. १९९९ साली जर्मनीत विल्के आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नव्या साधनाने मोजमाप केलं, तेव्हा सैल बसलेल्या माणसाचा दाब उभ्यापेक्षा जास्त निघाला नाही. पोक काढून बसल्यानेच कंबर दुखते असं आज छातीठोकपणे म्हणता येत नाही. एकाच ठेवणीत फार वेळ राहणं जास्त त्रासाचं, असं मत बळावलं आहे.

या लेखातला युक्तिवाद त्याने कोसळत नाही, उलट नेमका होतो. चांगल्या बैठकीने पाठदुखी बरी होईल असं वचन इथे दिलेलं नाही. मुद्दा असा की स्टील गिटारमध्ये डोळा, कोपर आणि तार यांची भूमिती सुराशी बांधलेली आहे, आणि ती भूमिती कमी कष्टात टिकवणारी बैठक हवी. हालचालीबद्दलचं नवं मत यात सहज बसतं. घट्ट, सपाट आणि बिनहातांच्या बैठकीवर माणूस हलू शकतो आणि पुन्हा त्याच जागी येऊ शकतो. सोफ्यात रुतलेल्याला ना धड हलता येतं, ना परत जागेवर येता येतं. अर्ध्या तासाने उठून चार पावलं चालावं, हेही त्यातच आलं.

सुताराला काय सांगायचं

परदेशात पेडल स्टीलसाठी खास आसनं मिळतात, आत बार आणि वायरी ठेवायला पेटी असलेली. ती मागवायची काहीच गरज नाही. गावातला सुतार सागाचं किंवा बाभळीचं स्टूल बनवून देतो, आणि तेच अधिक मापाचं होतं. फक्त एक खबरदारी घ्यावी. उंची कागदावरून ठरवू नये. आधी विटा आणि फळ्या रचून त्यावर दोन-तीन दिवस वाजवून पाहावं, आणि तरीही सुताराला दोन बोटं जास्तच उंच करायला सांगावं. लाकडी पाय कापता येतात, वाढवता येत नाहीत. कापल्यावर खाली रबरी बूट बसवायचे असतील तर त्यांची जाडी आधीच वजा करावी.

पाय तीन असावेत की चार? शेणाने सारवलेल्या अंगणात किंवा उंचसखल फरशीवर तिवई कधीच डुगडुगत नाही, कारण तीन टोकं कोणत्याही जमिनीवर एकाच वेळी टेकतात. चौथ्या पायाला ते जमत नाही. मांडीवर गिटार घेऊन, दोन्ही तळपाय जमिनीवर टेकवून बसणाऱ्याला तिवई उत्तम. पेडल स्टीलच्या वादकाने मात्र तिच्यावर बसू नये. त्याचे पाय भार घेत नाहीत, गुडघे बाजूला ढकलत असतात, आणि शरीराचा भार तीन पायांच्या त्रिकोणाबाहेर गेला की तिवई कलंडते. त्याला चार पायच हवेत, आणि त्यातल्या एका पायाखाली फिरवून उंची बदलता येईल असा आट्याचा खिळा. नव्या जागी वाजवायला बसलं की आधी तो खिळा फिरवून स्टूल टेकवायचं, मग गिटार उघडायची.